सुरांमागून आलेले शब्द

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाच्या देवळांत जो कोणी जातो, त्यास तेथील पुजारी किंवा सोबतचा एखादा वृद्ध गृहस्थ एक गोष्ट सांगितल्यावांचून राहत नाहीं. नामदेव आपल्या सोबत्यांसह ह्या देवळासमोर कीर्तनास उभे राहिले. टाळमृदंगाच्या गजरानें पूजेंत व्यत्यय येतो असें कोणी म्हणाले, कोणी त्यांच्या शिंपी जातीकडे बोट दाखविलें, आणि शेवटीं त्यांना देवळाच्या मागच्या बाजूस जाण्यास सांगण्यांत आलें. नामदेव निमूटपणें मागें गेले व तेथें त्यांनीं गाणें सुरू केलें. तेव्हां देऊळच फिरलें आणि त्याचें तोंड गाणाराकडे झालें. ह्या देवळांतील नंदी गाभाऱ्यासमोर नसून मागच्या अंगास आहे, त्याचें कारण लोक हेंच सांगतात. इतिहासकारास ह्या आख्यायिकेचा पुरावा मिळणार नाहीं. परंतु ज्या लोकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना गाण्याच्या सामर्थ्याविषयीं काय वाटत होतें ह्याचा पुरावा म्हणून ती पुरेशी आहे.

त्याच देवळाच्या मागच्या बाजूस क्षणभर उभें राहिलें असतां दुसराहि एक विचार मनांत येतो. नामदेवांचे शब्द आम्हांस मिळाले. त्यांचा आवाज मिळाला नाहीं. सन १२७० मध्यें जन्मलेल्या आणि हिंगोलीनजीकच्या नरसी गांवाशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या ह्या संताचे अभंग महाराष्ट्रानें कंठांत आणि वह्यांत जपले. पंजाबांतील शीख बांधवांनीं त्यांचीं ६१ पदें आपल्या धर्मग्रंथांत समाविष्ट केलीं, व तीं कोणत्या रागांत गावयाचीं हेंहि नमूद करून ठेविलें. म्हणजे पद राहिलें, रागाचें नांव राहिलें. परंतु ज्या गळ्यानें देऊळ फिरविलें, त्या गळ्याचा एकहि सूर उरला नाहीं. जुन्या काळच्या सर्वच गायकांची ही कथा आहे. तानसेनाविषयीं आम्ही वाचतों, ऐकत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार विसाव्या शतकांत, समुद्रापलीकडे, अमेरिकेंत घडला. तेथें सूर आधीं टिकला आणि शब्द त्याच्यामागून आले. एखाद्या वादकानें क्षणाच्या भरांत, पूर्वयोजना न करितां वाजविलेला आलाप तबकडीवर उमटला. कांहीं वर्षांनीं कोणा गायकानें तो पाठ केला, त्यांतील सुरासुरास अक्षर बसविलें, आणि वाद्याचें गाणें माणसाचें गाणें झालें. ह्या प्रकारास तेथें ‘व्होकलीज’ असें नांव पडलें. कंठगायन ह्या अर्थाच्या शब्दास भाषांच्या नांवांत येणारा प्रत्यय लावून हें विनोदी नांव बनविलेलें आहे. जणूं जपानीज, चायनीज तशी ही गळ्याची एक बोली. ह्या लहानशा परंतु विलक्षण कलाप्रकाराचा, आणि एकंदरींत जुन्या जॅझ-गायनाच्या तबकड्यांना जी मोहिनी आहे तिचा, विचार आम्ही येथें करणार आहों.

मराठी मासिकाच्या पानांत ह्या परक्या विषयाला जागा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, सुरावर शब्द बसविण्याची कला महाराष्ट्रास मुळींच परकी नाहीं. आमच्या रंगभूमीनें तिच्यावर आपलें वैभव उभारलें. शिवाय ह्या परक्या संगीतानें मुंबईंत व गोव्यांत असा कांहीं संसार थाटला कीं, त्याचा प्रतिध्वनि खेड्यापाड्यांतल्या लग्नमंडपांतहि उमटला. परक्याच्या आरशांत आपलें तोंड पाहिलें असतां कधीं कधीं तें अधिक स्पष्ट दिसतें.

प्रथम त्या यंत्राविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. सन १८७७ मध्यें एडिसननें आवाज नळकांड्यावर उमटवून तो पुनः ऐकविला, आणि पुढें दहा वर्षांनीं बर्लिनरनें नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडी आणली. एका तबकडीवरून हजारों प्रती काढतां येत, हा तिचा मोठा गुण. १९०२ च्या नोव्हेंबरांत गैझबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारी; कारण तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत, आणि तेथील कारागिरांस गाणारीण कोण हें त्यावरून कळे. त्या काळीं गायकास मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून खड्या आवाजांत गावें लागे. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, आणि एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. १९२५ च्या सुमारास विद्युत्‌शक्तीवर चालणारा ध्वनिग्राहक आला; तेव्हांपासून ओरडून गाण्याचें कारण उरलें नाहीं, आणि कुजबुजीचा, निःश्वासाचा, ओठांच्या हालचालीचासुद्धां ठसा तबकडीवर उमटूं लागला.

तीन मिनिटांची ती मर्यादा जुलूम होती कीं वरदान, ह्यावर आमच्याकडे पुष्कळ वाद झाला. तासच्या तास एक राग आळविणाऱ्या गवयास तीन मिनिटांत आपलें सर्वस्व मांडावयास सांगणें म्हणजे समुद्र तांब्यांत भरावयास सांगण्यासारखें आहे, हें खरें. परंतु मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खांसाहेबांनीं (१८७२–१९३७) आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत दिलेल्या झिंझोटीच्या व भैरवीच्या तबकड्या ज्यानें ऐकल्या आहेत, त्यास तांब्यांतहि समुद्राची चव असूं शकते हें पटल्यावांचून राहणार नाहीं. मर्यादेनें निवड शिकविली. पाल्हाळ गेला, गाभा राहिला.

अमेरिकेंतील निग्रो समाजाच्या गाण्याला हेंच यंत्र आणि हीच मर्यादा लाभली. ह्या लोकांचे पूर्वज गुलाम म्हणून त्या देशीं आणले गेले होते. त्यांचें संगीत कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेलें नव्हतें, आणि त्यांतला जीव उत्स्फूर्त विस्तारांत असल्यामुळें तें लिहून ठेवण्याजोगेंहि नव्हतें. पाश्चात्य संगीत स्वरलिपीच्या कागदावर जगत आलें. जॅझ तबकडीवर जगलें. ज्या गाण्यांत आज वाजविलेली तान उद्यां पुनः येत नाहीं, त्याचा इतिहास तबकडीवांचून लिहितांच आला नसता. जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी १९१७ मध्यें निघाली, व तीहि गोऱ्या वादकांची. परंतु १९२६ च्या फेब्रुवारींत लुई आर्मस्ट्राँग ह्या कृष्णवर्णी कर्णावादकानें शिकागो येथें ‘हीबी जीबीज’ हें गाणें गाइलें, तेव्हांपासून ह्या गायनाचें खरें युग सुरू झालें. त्या गाण्याच्या मध्यावर शब्द सुटतात आणि नुसते अर्थहीन बोल सुरू होतात. शब्दांचा कागद हातांतून पडला म्हणून आपण तसें गाइलों, असें आर्मस्ट्राँग पुढें सांगत असे. गोष्ट मनोरंजक आहे. परंतु असे बोल गाण्याची चाल त्यापूर्वींहि तेथें होती. त्या चालीस ‘स्कॅट’ म्हणतात. कागद पडला असो वा नसो, त्या तबकडीनें एवढें दाखविलें कीं, गायकाचा गळा वाद्यांच्या पंक्तींत बरोबरीनें बसूं शकतो.

हिंदुस्थानी श्रोत्यास ह्यांत नवल वाटूं नये. आमचा तराणा दुसरें काय करतो? तोम्‌, दिर, दानी असे बोल घेऊन गायक शब्दार्थाच्या ओझ्यांतून मोकळा होतो व लयीशीं खेळतो. इंदूरचे उस्ताद अमीर खां (१९१२–१९७४) ह्यांचें तर असें मत होतें कीं, हे बोल निरर्थक नसून त्यांत फारसी व अरबी शब्दांचे गूढ अवशेष आहेत. तें मत सर्वांस मान्य झालें नाहीं. परंतु त्यामागची तळमळ ध्यानांत घेण्याजोगी आहे. सूर कितीहि सुंदर असला, तरी तो कांहींतरी ‘म्हणत’ असला पाहिजे अशी माणसाच्या मनाची ओढ असते. ह्याच ओढीनें पुढें अमेरिकेंत व्होकलीजचा जन्म झाला.

परंतु त्याआधीं बिली हॉलिडे ह्या गायिकेचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तिच्या आवाजाचा पल्ला लहान, आवाज पातळ. मोठ्या तानांचें तिला वावडें. तिचें सर्व सामर्थ्य शब्दाच्या उच्चारांत आणि तालाच्या किंचित् मागें रेंगाळण्यांत होतें. ती सम चुकवीत नसे. समेस थोडा वेळ वाट पाहावयास लावी, इतकेंच. ध्वनिग्राहकाच्या शोधापूर्वीं अशा आवाजाची दाद कोणास लागली नसती. १९३८ मध्यें ती एका गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर गात असतां, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत तिला पाहुण्यांच्या वाटेनें जाऊं न देतां मालवाहू लिफ्टनें ये-जा करावयास लावण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं झाडाला टांगलेल्या निग्रोंच्या प्रेतांचें वर्णन असलेलें ‘स्ट्रेंज फ्रूट’ हें गाणें तिनें गाण्याचें ठरविलें. तिच्या नेहमींच्या मोठ्या कंपनीनें तें मुद्रित करण्याचें नाकारलें, तेव्हां एका लहान कंपनीकडे जाऊन तिनें तें मुद्रित केलें. मागच्या दारानें आंत घेतलेल्या ह्या बाईच्या त्या तीन मिनिटांकडे पुढें सगळ्या देशानें तोंड फिरविलें. औंढ्याची गोष्ट ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या घटनेचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १९३९ च्या ऑक्टोबरांत कोलमन हॉकिन्स ह्या सॅक्सोफोनवादकानें ‘बॉडी अँड सोल’ ह्या प्रचलित गाण्याची तबकडी दिली. आरंभींचे कांहीं क्षण मूळ चालीची ओळख देऊन त्यानें ती सोडून दिली, आणि उरलेला सर्व वेळ त्या चालीच्या पायावर स्वतःची इमारत उभारली. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर अस्ताई एकदां दाखवून पुढें अखंड आलापी केली. ही तबकडी अमाप खपली. लोक ती इतक्यांदा ऐकत कीं, क्षणांत सुचलेली ती तान त्यांस मूळ चालीपेक्षां अधिक पाठ झाली. अशा ऐकणारांपैकींच एडी जेफर्सन हा एक नर्तक होता. त्यानें अशा तबकड्यांतील आलापांवर शब्द रचून ते गावयास आरंभ केला.

त्याची सर्वांत गाजलेली रचना अशाच एका तबकडीवर उभी आहे. जेम्स मूडी हा तरुण वादक १९४९ मध्यें स्वीडनमध्यें असतां दुसऱ्याचें उसनें वाद्य घेऊन एक जुनें प्रेमगीत वाजवून गेला. जेफर्सननें त्या वादनावर एका प्रियकराचें आर्जव रचलें. किंग प्लेझर ह्या गायकानें तें १९५२ मध्यें मुद्रित केलें, आणि मध्यें जेथें पियानोचा तुकडा होता तेथें एका स्त्रीच्या आवाजांत प्रेयसीचें उत्तर घातलें. वाजविणाराच्या स्वप्नींहि नसलेला संवाद त्याच्याच सुरांतून निघाला. त्याच वर्षीं ॲनी रॉस हिनें वॉर्डेल ग्रे ह्याच्या एका सॅक्सोफोनवादनावर ‘ट्विस्टेड’ हें गाणें रचलें. त्यांत एक तरुणी मानसोपचारतज्ज्ञानें आपणांस वेडें ठरविल्याची हकीकत सांगते, आणि शहाणें कोण व वेडें कोण ह्याचा निकाल ऐकणारावर सोपविते. त्या वादनांतील वांकड्यातिकड्या उड्या ऐकल्या म्हणजे, ह्या सुरांना हीच गोष्ट सांगावयाची होती असा भास होतो. व्होकलीजचें यश ह्या भासांत आहे.

१९५७ मध्यें डेव्ह लँबर्ट, जॉन हेंड्रिक्स आणि ॲनी रॉस ह्या तिघांनीं काउंट बेसीच्या संपूर्ण वाद्यवृंदाचें वादन गळ्यानें गाण्याचें धाडस केलें. प्रथम त्यांनीं पुष्कळसे गायक भाड्यानें आणले. ते स्वरलिपि बिनचूक वाचीत, परंतु जॅझची झुलती लय त्यांच्या गळ्यांत उतरेना. तेव्हां ह्या तिघांनींच आपले आवाज एकावर एक मुद्रित करून कर्ण्यांचा, सॅक्सोफोनांचा, सर्वांचा भाग स्वतः गाइला. हेंड्रिक्सनें रचलेल्या शब्दांत वाद्यांचे गट पात्रांप्रमाणें एकमेकांशीं बोलतात. एकानें विचारावें, दुसऱ्यानें टोमणा द्यावा, सर्वांनीं मिळून हुंकार भरावा, असा तो प्रकार आहे. टाळकऱ्यांच्या साथीनें रंगलेल्या आमच्या कीर्तनाची ज्यास संवय आहे, त्यास ह्या मांडणीची गोडी तत्काळ कळेल.

ह्या कलेवर आक्षेप आहेत, व ते हलके नाहींत. पहिला असा कीं, उत्स्फूर्ततेचा प्राण ती पुनः न घडण्यांत असतो. तिची अक्षरशः नक्कल करणें म्हणजे उडत्या पांखरांत भुसा भरून तें कपाटांत ठेवणें होय. दुसरा असा कीं, वाद्याचा सूर अर्थापलीकडचें कांहीं सांगतो, त्यावर प्रेमाबिमाचे चार शब्द चिकटविल्यानें त्याचें मोल कमी होतें. आमच्या मतें पहिला आक्षेप व्होकलीजवर नसून तबकडीवर आहे. पांखरूं तबकडीनेंच धरलें. गायकानें उलट त्यास पुनः जिवंत गळ्यांत सोडलें. ज्यानें ती तान पाठ करून गाइली, त्यास प्रत्येक वेळीं आपल्या श्वासानें ती नव्यानें पेलावी लागली. सॅक्सोफोनवादकाच्या बोटांस जी उडी सहज साधते ती गळ्यास साधावयाची, तर जिवाचें पाणी करावें लागतें. ह्या झगड्यांत नकलेपलीकडचें कांहींतरी उत्पन्न होतें. दुसऱ्या आक्षेपांत मात्र तथ्य आहे. वाईट शब्दांनीं चांगला आलाप बुडविल्याचीं उदाहरणें पुष्कळ सांपडतील. परंतु हा दोष कलेचा नव्हे, कवीचा. आणि आमच्या नाट्यपदांनाहि तो लागू आहे.

आमच्या गायनांत बोलतान म्हणून जो प्रकार आहे, त्याच्याशीं व्होकलीजची तुलना करून पाहिली असतां दोहोंचा भेद चटकन् ध्यानांत येतो. बोलतानेंत शब्द आधींचे असतात आणि तान त्या क्षणीं जन्मास येते. व्होकलीजमध्यें तान आधींची असते आणि शब्द नवे घडविलेले असतात. व्होकलीजशीं खरें नातें जडतें तें आमच्या नाट्यसंगीताचें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हां साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी पदें अशा नाना ठिकाणच्या ओळखीच्या चालींवर मराठी शब्द बसविले गेले. १९११ च्या ‘मानापमानां’त गोविंदराव टेंब्यांनीं, व १९१६ च्या ‘स्वयंवरां’त भास्करबुवा बखल्यांनीं, घरंदाज रागदारीच्या व ठुमरीच्या चिजा रंगभूमीवर आणल्या, आणि खाडिलकरांनीं त्या चालींच्या मापानें पदें रचिलीं. चाल आधीं, शब्द मागून! उस्तादाच्या मैफलींत ज्या चिजेचे शब्द श्रोत्यांस अर्धेमुर्धेच कळत, तीच चीज रुक्मिणीच्या तोंडीं आली, मराठी झाली आणि घरोघर पोहोंचली. बालगंधर्वांनीं (१८८८–१९६७) ह्या पदांच्या तबकड्या दिल्या, आणि ज्यांनीं नाटकगृहाची पायरी कधीं चढली नाहीं, त्यांच्याहि कानीं राग यमन आणि भीमपलासी गेले.

भेद असा कीं, आमच्या नाटककारांनीं बांधलेल्या चिजेवर शब्द बसविले, आणि तिच्यावरची तान नटाच्या मर्जीवर मोकळी ठेविली. अमेरिकेंतील गायकांनीं खुद्द तानेवरच शब्द बसविले. आमच्याकडे विस्ताराचें भय नव्हतें, कारण तो रोज नवा होण्याची खात्री होती. त्यांच्याकडे एकदां घडलेला क्षण पुनः येणार नाहीं ही जाणीव तीव्र होती. गुलामगिरींत ज्यांचीं नांवें, भाषा, घरें हिरावलीं गेलीं, त्यांच्या वंशजांस एकेक सूर जपून ठेवावासा वाटला तर त्यांत आश्चर्य काय?

ह्या संगीतानें आमच्या किनाऱ्यावर पाऊल ठेविलें तेंहि मोठ्या दिमाखानें. १९३५ मध्यें लिऑन ॲबी ह्याचा निग्रो वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. मागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला, तो १९४५ मध्यें कलकत्त्यास मरण पावेपर्यंत बहुतांशीं पूर्वेकडच्या देशांतच राहिला. त्यांच्यापासून ही विद्या उचलली ती मुख्यतः गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनीं. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपि शिकलेल्या ह्या मंडळींस पाश्चात्य वाद्यें हातच्या मळाप्रमाणें होतीं. आल्दोनें गांवच्या आंतोनियो शाव्हियेर वाझ ह्यास लोक ‘चिक चॉकलेट’ म्हणूं लागले, आणि मुंबईचा आर्मस्ट्राँग अशी त्याची ख्याति झाली. पुणतांब्यास जन्मलेले मराठी संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–१९८२) ह्यांनीं त्याला जवळ केलें, आणि ‘अलबेला’ (१९५१) सारख्या बोलपटांत जॅझचे कर्णे व मराठी माणसाची चाल ह्यांची सोयरीक जमली. १९५७ च्या ‘आशा’ बोलपटांतील ‘ईना मीना डीका’ हें गाणें मुलांच्या खेळांतील बोलांवरून सुचलें, व त्यांत ‘मला नको’ अशा अर्थाचे कोंकणी शब्द एका गोमंतकीय साहाय्यकानें घातले, असें सांगतात. आर्मस्ट्राँगचा स्कॅट, आमचा तराणा आणि अंगणांतला पोरखेळ असे तिन्ही प्रवाह तेथें एकत्र झाले. आणि तें गाणें गुणगुणणाऱ्या कोट्यवधि लोकांस त्याचा पत्ताहि नव्हता.

ह्याहून अधिक अस्सल वंशवृद्धि कोंकणी भाषेंत झाली. मडगांवचे ख्रिस पेरी (१९२८–२००२) आणि गायिका लॉर्ना ह्यांनीं १९६० नंतरच्या काळांत जीं कोंकणी गाणीं तबकडीवर आणलीं, त्यांत जॅझची लय आणि गोव्याच्या घरांतली बोली अशीं एकजीव झालीं आहेत कीं, कोणतें मूळ व कोणतें कलम हें सांगतां येऊं नये. लॉर्नाच्या आवाजांत खडबडीत धार आहे. ती शब्द चावून बोलते व सूर ताणून सोडते. अर्ध्या शतकानंतर, २०१४ मध्यें, ‘नाचुंया कुंपासार’ ह्या कोंकणी बोलपटांत तीं गाणीं नव्यानें गाइलीं गेलीं, तेव्हां तीं प्रथम निघालीं त्या वेळीं जन्मलेहि नव्हते अशा तरुणांनीं त्यांवर ताल धरला. तबकडी नसती तर तीं गाणीं त्यांच्यापर्यंत पोहोंचलीं नसतीं.

ह्या सर्व जुन्या तबकड्यांची मोहिनी कशांत आहे, ह्याचें उत्तर आतां देतां येईल असें वाटतें. ती केवळ जुनेपणांत नाहीं. जुन्या सर्वच तबकड्या ऐकवत नाहींत. ती अशी आहे कीं, त्यांत एका विशिष्ट माणसाचा एका विशिष्ट क्षणींचा श्वास आहे. हॉलिडेनें शब्द उच्चारण्यापूर्वीं घेतलेला विलंब, करीम खांसाहेबांच्या आवाजांतील कंप, बालगंधर्वांच्या पदांतील हुंदक्यासारखी मुरकी, हीं कोणत्याहि स्वरलिपींत मावत नाहींत. व्होकलीजच्या कर्त्यांस ह्याच क्षणाचा लोभ पडला, आणि तो सुटूं नये म्हणून त्यांनीं त्यास शब्दांच्या गांठी मारल्या. शब्दानें सूर लक्षांत राहतो, सुरानें शब्द; दोघांनीं मिळून मरणाशीं केलेला हा लहानसा तह आहे.

हें ध्यानांत घेऊन पुनः हिंगोलीकडे पाहिलें म्हणजे मन थोडें खिन्न होतें. नामदेवांचा विठ्ठलनामाचा अभंग भीमसेन जोशींनीं (१९२२–२०११) राम फाटकांच्या चालींत गाइला, तेव्हां शब्दांमागून सुमारें साडेसहा शतकांनीं सूर आला, आणि तो घरोघर रुजला. नामदेवांच्या वांट्यास एवढें तरी आलें. परंतु औंढा, सेनगांव, कळमनुरी, वसमत ह्या भागांत पहाटेच्या जात्यावर ज्या बायांनीं ओव्या गाइल्या, त्यांच्या वांट्यास काय आलें? हेमा राईरकर व गी पॉइट्व्हँ ह्यांनीं १९८० नंतर महाराष्ट्राच्या गांवोगांव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांपैकीं कांहींचे आवाजहि मुद्रित केले. हें कार्य आमच्या विद्यापीठांस लाजविण्यासारखें आहे. तरी त्या संग्रहांतहि बहुतेक ओव्यांचे शब्दच राहिले. जातें गेलें, पिठाची गिरणी आली, आणि तिच्या घरघरींत गाण्याचें कारणच संपलें. आज सत्तरीपलीकडच्या कित्येक बायांच्या गळ्यांत त्या चाली अद्यापि आहेत. ह्या पिढीनंतर त्यांचे शब्द पुस्तकांत सांपडतील; गळा सांपडणार नाहीं.

पूर्वीं ध्वनिमुद्रकास कर्णे, मेणाच्या वड्या व पेट्या घेऊन समुद्र ओलांडून यावें लागे. आज तेंच काम करणारें यंत्र गांवांतील प्रत्येक तरुणाच्या खिशांत आहे. त्यानें तें यंत्र घेऊन आपल्या आजीपाशीं, गांवच्या भजनी मंडळांतील वृद्ध पखवाजीपाशीं एक संध्याकाळ बसावें, आणि गाणाराचें नांव, गांव व साल नीट लिहून ठेवावें, एवढेंच आमचें मागणें आहे. गौहरजाननें आपलें नांव मोठ्यानें उच्चारलें, म्हणून तें आम्हांस कळलें. ह्या बायांचीं नांवें कोणीतरी त्यांच्या वतीनें उच्चारलीं पाहिजेत. त्यांच्या सुरांवर पुढें कोणी नवे शब्द बसवील, त्यांच्या शब्दांना कोणी नवा सूर देईल, किंवा कोणी नुसतेंच ऐकेल. तें काम येणाऱ्या पिढ्यांचें. गाणारास मागच्या बाजूस उभें करण्याची चूक प्रत्येक काळ करतो. देवळाला तिकडे तोंड फिरवितां आलें, कारण तेथें गाणें चालू होतें.